हिरव्या पाटीखालून

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. त्यामुळे जबलपूरच्या गढ्यातल्या आमच्या गल्लीत कुणाचंही ऑनलाइन काम निघालं की ते माझ्याकडे येतं. गॅसचं, रेशनचं, आधार कार्डावरच्या चुकलेल्या नावाचं. मला सगळं येतं असं नाही. पण मी "थांबा, बघते" म्हटलं की लोक निश्चिंत होऊन बसतात आणि मग बघावंच लागतं. बाबा गेले त्या सकाळीही तसंच झालं. मला नीट रडायलाही आलं नव्हतं, तेवढ्यात काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनीच्या विमानाचं तू बघ. आमच्यातून कोणाले जमते ते?"

मी कधी विमानात बसलेली नाही. डुमन्याचं विमानतळ मी आईला सोडायला गेले तेव्हा बाहेरूनच पाहिलं होतं. काचेच्या दारापर्यंत गेलो, आई आत गेली, बाबा आणि मी ऑटोने परत आलो. विमानाबद्दल मला ठाऊक होतं ते एवढंच.

आई आखातात एका घरी स्वयंपाकाला होती. दोन वर्षांचं ठरवून गेली होती आणि ती संपत आली होती. बाबा शिंपीकाम करायचे. बाजारातून कापलेल्या लेडीज सूटचे गठ्ठे यायचे, ते पुढच्या खोलीत बसून शिवायचे. रोज संध्याकाळी मशीनच्या चाकाला टेकवून फोन ठेवायचे आणि आई त्यात दिसायची. बोलणं फारसं नसायचं. बाबा शिवत राहायचे, ती तिकडे भाजी निवडत राहायची. मधेच एखादं "जेवलात का", एखादं "खोकला कसा आहे".

एकदा तिने हसत हसत सांगितलं होतं की त्या घरी सुट्टीच्या दिवशी बाहेर पडताना मॅडम दारात तिची पिशवी तपासते. कधी काळी, हिच्या आधी असलेल्या बाईच्या वेळी, घरातलं काही हरवलं होतं म्हणे. "वाईट नाही हो ती. फक्त पाहून घेते. आता तं मी ती बोलायच्या आधीच उघडून धरते. तिलेही बरं, मलेही बरं." मीही हसले होते. बाबांनी मात्र पायडल थांबवलं आणि बराच वेळ सुरू केलं नाही.

हे मला तेव्हा लक्षात ठेवण्यासारखं वाटलं नव्हतं.

बाबा सकाळी चहा पिता पिता गेले. आईला फोन मी केला. तिने ऐकून फोन तिथल्या मॅडमच्या हातात दिला आणि मॅडम तुटक हिंदीत म्हणाली की दिल्लीपर्यंतचं तिकीट ते काढून देतील. दिल्लीहून जबलपूरचं मी काढलं. एक विमान दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीत उतरत होतं, दुसरं दुपारच्या आत जबलपूरला पोचत होतं. मधे मोकळा वेळ भरपूर दिसत होता.

काका म्हणाले होते, "वहिनी, व्हिडिओवर चेहरा पाहून घ्या. वेळेचा काय भरवसा."

आई म्हणाली, "व्हिडिओवर तं दोन वर्षं पाहूनच राहिली भाऊजी. आता डोळ्यानं पाहीन. मी येईपर्यंत ठेवा."

म्हणून ठेवलं. बर्फाची पेटी आणली, बाबांना पुढच्या खोलीत मशीनच्या शेजारी ठेवलं. मशीनवर चादर टाकली. गल्लीतले मोठे लोक म्हणाले की एक रात्र ठीक, उद्या सूर्य मावळायच्या आत नर्मदेवर ग्वारीघाटला न्यायचंच.

त्या दिवशी मी जे केलं ते अजून मला स्वतःलाच विचित्र वाटतं. घर माणसांनी भरलेलं आणि मी कोपऱ्यात बसून विमानतळांचे व्हिडिओ पाहत होते. कुणी ओळख नसलेला माणूस ट्रॉली ढकलत चालत जातो आणि सांगतो, इथून डावीकडे वळा. मी दिल्ली विमानतळाच्या चौकशी नंबरवर फोन लावला. तिकडून कळलं की दोन तिकिटं वेगळी असल्यामुळे सामान आपोआप पुढे येणार नाही. दिल्लीत ते पट्ट्यावरून उचलायचं, कस्टममधून बाहेर काढायचं आणि पुढच्या विमानाच्या काउंटरवर पुन्हा जमा करायचं. मला हे माहीत नव्हतं. बरं झालं विचारलं, असं तेव्हा वाटलं.

आईला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी तिला आवाजात निरोप पाठवले. आधी पासपोर्टवर शिक्का. मग सामानाचा पट्टा. मग दोन वाटा दिसतील, एक लाल पाटीची आणि एक हिरव्या पाटीची. लाल ज्यांना सरकारला काही दाखवायचं आहे त्यांच्यासाठी. तुझ्याकडे तसं काही नाही. तू हिरव्या पाटीखालून सरळ निघून ये, कुणाकडे बघू नको, थांबू नको. हे मी दोनदा सांगितलं. मग पुढच्या विमानाच्या इमारतीपर्यंतची बसही सांगितली. तिने उलट निरोप पाठवला, "समजलं. हिरव्यातून."

पहाटे तिचा फोन आला. जुनं सिम मी आधीच रिचार्ज करून ठेवलं होतं. "उतरली ग," एवढंच म्हणाली. मागे खूप माणसांचा आवाज होता. मी म्हटलं, "शिक्क्याच्या रांगेत फोन बंद ठेवावा लागतो, बाहेर आलीस की कर."

मग बराच वेळ काही नाही. काका दर थोड्या वेळाने खोलीत डोकवायचे. "काय म्हणते?" मी म्हणायचे, रांग असेल. "काहून इतका वेळ लागून राहिला पण?" मी म्हणायचे, दिल्ली आहे काका, मोठं असतं. मला खरंच वाटत होतं की मी सगळं सांगितलेलं आहे आणि आता फक्त चालायचं बाकी आहे.

फोन आला तेव्हा दुसऱ्या विमानाचं काउंटर बंद झालेलं होतं.

आई रडत नव्हती. शाळेत उशिरा पोचलेलं मूल बाईंना सांगतं तशी एका दमात सांगत होती. शिक्का लवकर झाला. सामानही लवकर आलं. तिचा एक खोका होता, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावलेला, वरून नायलॉनच्या दोरीने आवळलेला. दोन वर्षांत घरासाठी जे जे घेतलं ते पलंगाखाली साठवून ठेवलं होतं, तेच सगळं त्यात. निघताना तिथल्या एका बाईने म्हटलं होतं, अशा वेळी हे कशाला नेतेस. पण सोडून तरी कुठे येणार?

ती हिरव्या पाटीपर्यंत आली. पाटी तिने ओळखली. पाटीखाली एक वर्दीतला माणूस उभा होता. तो तिच्याकडे पाहतही नव्हता.

"मग काय झालं आई?"

"काही नाही झालं. पायच निघेना माझा. दाखवल्याबिगर कशी जाऊ?"

तिने ट्रॉली त्या माणसासमोर नेऊन उभी केली, खोका खाली उतरवला आणि दोरीच्या गाठी सोडायला लागली. एक सुटेना म्हणून दातांनी सोडली. तो माणूस म्हणाला, "अरे माताजी, किसने बोला खोलने को? हमने बुलाया क्या?" ही म्हणाली, "देख लीजिए साहब, बाद में मत बोलना." तो परत म्हणाला, जाइए. तोवर तिने चिकटपट्टी फाडली होती. खोका उघडाच समोर आल्यावर त्यालाही पाहावं लागलं. त्याने दुसऱ्या एकाला बोलावलं. त्या दुसऱ्याने दुधाच्या पावडरीचे डबे हलवून पाहिले, हातातल्या बांगड्या कुठल्या म्हणून विचारलं. तिने सांगितलं, लग्नातल्या आहेत. त्याने हिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, ठीक है, समेट लीजिए.

इथवर फार वेळ गेला नव्हता. वेळ गेला तो पुढे. दोन वर्षांत थोडं थोडं करून भरलेलं सामान परत खोक्यात मावेना. एक ब्लँकेट, खजूर, माझ्यासाठी दोन कुर्ते, बाबांसाठी मोठी कात्री. "ती कात्री सारखी वरच येऊन राहिली होती ग. दाबली की वर, दाबली की वर." दोरी तुकडे होऊन पडली होती. शेवटी तिने ओढणी काढली आणि त्या ओढणीने खोका बांधला. मग बाहेर, मग बस, मग दुसरी इमारत. काउंटरवरची मुलगी चांगली होती म्हणे. पण विमान उभं असूनसुद्धा ती आत सोडू शकत नव्हती.

"मी हातही जोडले," आई म्हणाली.

हिरवी पाटी मी सांगितली होती, बस सांगितली होती. पाय निघणार नाही हे कुठल्याच व्हिडिओत नव्हतं.

मी फोन खाली ठेवून दुसरं विमान शोधलं. त्या दिवशी सरळ येणारं नव्हतं. दुसऱ्या शहरावरून फिरून येणारं एक होतं, तेही रात्रीच पोचत होतं. काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत होते, जणू मी नीट शोधलं तर त्यात एखादं निघेल. "पाह ना अजून. तुमच्या कॉलेजात हेच तं शिकवतात." ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं, आणि तेच मला जास्त लागलं.

दुपार उतरायला लागली. बाहेर बांबू बांधून तयार होते. शेजारचे वयस्कर दादाजी आत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, मिट्टी को कितना रोकोगे. अब कह दो." सगळे माझ्याकडे पाहायला लागले. काकाही. "तू बोल," ते म्हणाले, "तू सांगशील तसं करू." वयाने, नात्याने मी तिथे कुणाच्याही पुढे नव्हते. विमानाचं मी बघितलं होतं म्हणून हेही मीच सांगायचं होतं.

मी आईला फोन लावला. मी काही बोलायच्या आधी तिनेच विचारलं, "सगळे थांबले आहेत न?"

"हो."

तिच्या मागे विमानतळावर घोषणा चालू होती. कुठल्या तरी गावाच्या प्रवाशांना बोलावत होते.

"व्हिडिओ लाव," ती म्हणाली.

मी लावला. ती एका खुर्चीवर बसली होती, शेजारी ओढणीने बांधलेला खोका. मी फोन बाबांच्या चेहऱ्यावर धरला. रोज संध्याकाळी तो जिथे टेकवलेला असायचा, त्याच्या अगदी जवळच मी उभी होते. ती खूप वेळ पाहत राहिली. मला वाटलं अडकलं का नेट, पण तिच्या पापण्या हलत होत्या.

"कपाळावरचे केस मागं कर त्यांचे."

मी केले. थंड होते.

"आता न्या," ती म्हणाली.

फोन कुणी बंद करायचा ते आम्हा दोघींनाही कळेना. बाहेरचे लोक उचलायला आत आले तेव्हा माझा हात खाली गेला, आणि मग तिला बहुतेक फरशीच दिसत राहिली असेल. मी घाटावर गेले नाही. फोन घेऊन घरीच बसले, तिला एकटं वाटू नये म्हणून. काकांनी अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी मी आणि काका डुमन्याला गेलो. मी नव्याने काढलेल्या तिकिटाचं विमान वेळेवर आलं. लहान विमानतळ आहे, आतली माणसं बाहेरून काचेतून दिसतात. आई मला तिच्या चालीवरून ओळखू आली, पण ती बारीक झाली होती आणि डोक्यावर ओढणी नव्हती. ट्रॉलीवर तो खोका. ती सरळ दाराकडे येत होती. मला वाटलं, आता येईल आणि माझ्या गळ्यात पडेल, आणि मला पहिल्यांदा रडता येईल.

दाराशी एक सुरक्षावाला उभा होता. बाहेर जाणाऱ्यांशी त्याचं काही काम नव्हतं, लोक त्याच्या बाजूने भराभर निघून जात होते. आई त्याच्यासमोर थांबली. खाली वाकली आणि ओढणीची गाठ सोडायला लागली.

"अम्मा, यहाँ कोई चेकिंग नहीं है," तो म्हणाला. "घर जाओ."

तिने ऐकलं की नाही कळलं नाही. मला आत जाता येत नव्हतं. मी दारातूनच हाक मारली, "आई, चल. इथे कुणी पाहत नाही."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. गाठ तिच्या हातातच होती.

"पाहून घेऊ दे त्याले," ती म्हणाली. "मग पुढं उशीर नाही होत."