परक्या गोत्राचं पान

दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास आला की मला लढाईच्या सालातली ती दुपार आठवते. पोरगी झाली, पण बायकोचं रक्त थांबेना. घमापुरातले माझे सख्खे भाऊ रक्त द्यायच्या नावानंच पळाले. आमच्या कारखान्यात तोफा न्यायला आलेला एक मेजर हे ऐकून दवाखान्यात आला अन् बाही वर करून आडवा झाला. मी म्हटलं, "साहेब, आपको तो लड़ने जाना है." तो हसला, "भैया, मुझमें बहुत है, थोड़ा भाभी को दे दो." बायको वाचली. तो महिन्याभरात लढाईत कामी आला. पदक त्याच्या आईनं घेतलं. पुढच्या सर्वपित्रीला बायकोनं आमच्या पितरांशेजारी त्याचंही पान मांडलं. गुरुजी अडले, "परक्याचं पान काहून? गोत्र कोणतं त्याचं?" ती म्हणाली, "माझ्या अंगात त्याचं रक्त फिरून राहिलं, गुरुजी. आमचंच गोत्र म्हणा." गुरुजींनी आमचंच गोत्र म्हटलं. मग म्हातारी होईपर्यंत ती माझ्यासाठी रांधत राहिली, माझ्याशी भांडत राहिली. ते सगळं त्या माणसानं मला दिलेलं. औंदा ती नाही. पानं मीच मांडली. आधी त्याचं वाढलं, मग तिचं.