दादाचा डावा हात

कारखान्यात तिला सगळे सर्किटवाली म्हणत. यंत्रांची कंट्रोल सर्किटं जुळवून द्यायची हा तिचा धंदा, आणि थोरला भाऊ याच कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसवर. त्या प्रेसचं सर्किट तिनं दादाला डोळ्यांसमोर ठेवूनच केलं होतं. छातीच्या उंचीवर, एकमेकांपासून लांब अशी दोन बटणं. मधे अँड गेट. हे गेट भलतं हट्टी: दोन्हीकडून ‘एक’, म्हणजे बटण दाबल्याचा इशारा, आला तरच पुढे ‘एक’ सोडणार, नाहीतर शून्य. म्हणजे दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय पत्रा कापणारा साचा खाली यायचाच नाही. दादाच्या बोटांची काळजी आता सोड, असं तिनं वहिनीला छातीठोकपणे सांगितलं होतं.

एका दुपारी दुसऱ्याच मशीनच्या कामासाठी ती तिथे गेली आणि दादाकडे नजर जाताच जागीच थिजली. डाव्या बटणात लाकडी पाचर ठोकून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. दादा उजव्या हातानेच पत्रा सरकवत होता, त्याच हाताने दुसरं बटण दाबत होता. डावा हात साच्याच्या तोंडाशी पडलेला. साचा धाडकन खाली आला.

सर्किटात काडीचाही बिघाड नव्हता, याचाच तिला जास्त धक्का बसला. एका बाजूला कायमचा ‘एक’ बसवला की अँड गेट उरतं कुठे? नुसती तार उरते. गेटला आत्ताचं तेवढं दिसतं. मघाशी काय होतं याची त्याला गंधवार्ता नसते.

दादानं हसण्यावारी नेलं. असं काम भरभर उरकतं, म्हणाला. तिचं डोकं फिरलं. सुपरवायझरला सांगून तिनं सर्किट नव्यानं केलं आणि त्यात फ्लिप-फ्लॉप घातला. हा एवढीशी गोष्ट लक्षात ठेवतो, पण ठेवतो: मागच्या वेळेनंतर दोन्ही बटणं सुटली होती का? सुटली नसतील, किंवा पुन्हा दोन्ही एकाच वेळी दाबली नसतील, तर प्रेस हलायची नाही. पाचरीचा धंदा बंद.

बसवून झाल्यावर तिनं दादाला उभं केलं. त्याचा उजवा हात बटणावर गेला. डावा कोपरापर्यंत उठला, थरथरला आणि खाली पडला. दादानं तो उजव्या हाताने उचलून बटणावर ठेवला. तोवर उजवं बटण सुटलेलं. प्रेस ढिम्म.

“दादा, उचल की हात.”

“उचलत नाही गं.”

“कधीपासून?”

“झाले बरेच महिने. वहिनीला सांगू नकोस.”

दर सुट्टीला त्याच्यासमोर बसून ती जेवत होती. तो डावा हात मांडीवर ठेवून गप्पा मारायचा, आणि तिला एकदाही शंका आली नव्हती. आळस पकडायला म्हणून ती आली होती.

“जुनंच बसव,” दादा हळूच म्हणाला. “नोकरी जाईल माझी.”

तिनं स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. “नाही बसवणार,” ती म्हणाली.

त्याच दिवशी दादाला प्रेसवरून काढलं. त्यानं बोलणं टाकलं. तिचा फोनही घेईना. वहिनी रडली, पण त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मानेतली नस दबली होती. हात थोडा सुधारेल, पूर्ववत होणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. कारखान्यानं दादाला तयार माल तपासायला बसवलं. पगार कमी झाला.

पुष्कळ दिवसांनी त्याचा फोन आला. प्रेसवरचा नवा माणूस तुझ्या नावानं खडे फोडतो, म्हणाला.

“फोडू दे,” ती म्हणाली. मग विचारलं, “हात?”

“शर्टाची बटणं लावतो आता,” दादा म्हणाला. “वरचं सोडून.”