पिल्लाच्या कपाळावरची तीट

प्रकाशा गावाच्या रस्त्याकडच्या आमच्या उसात तोडीच्या वेळी बिबट्याचं पिल्लू सापडलं. वनरक्षक येईपर्यंत सासूबाईंनी त्याला कोमट पाण्यानं, साबण लावून आंघोळ घातली आणि कपाळावर काजळाची तीट लावली. अंगभर काळे ठिपके असलेल्या जनावराला आणखी एक ठिपका. मी कपाळावर हात मारून घेतला.

वनरक्षकाला लांबूनच साबणाचा वास आला. तो रागावला नाही, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. संध्याकाळी पिल्लू सापडल्या जागी ठेवायचं, मादी येऊन नेईल, असं त्यानं सांगितलं. पण माणसाचा वास येऊन तिनं ते टाकलं, तर जन्मभर कुठल्यातरी लांबच्या प्राणिसंग्रहालयात, पिंजऱ्यात.

अख्खं गाव मोबाईल घेऊन लोटलेलं. ते आवरायला वनरक्षक बांधावर, तर पिल्लाजवळ कोण? मी बसते म्हटलं. "ताई, हात लावायचा नाही आणि एक शब्द बोलायचा नाही," तो म्हणाला. पिल्लाला माणसाच्या आवाजाची सवय नको. आली का पंचाईत! मी उतू जाणाऱ्या दुधाशीसुद्धा भांडणारी बाई.

गोठ्यामागच्या खोलीत टोमॅटोचं क्रेट, वर गोणपाट. आतून ते ओरडलं की माझा जीव खालीवर. उठले, बसले, कडी लावली, काढली. दुपार काही सरेना. बाहेर येऊन सासूबाईंना चार शब्द सुनवावेत म्हटलं, तर त्या ओट्यावर उपाशी बसलेल्या.

"मन्हा हातना वास लागना त्याले," त्या म्हणाल्या. "मन्हामुये त्यानी माय तुटी जाई."

मी पुन्हा आत जाऊन बसले.

संध्याकाळी वनरक्षकानं हातमोजे घालून पिल्लाला उसाच्या पाचटात आणि मातीत लोळवलं. तीट तेलकट, निघेना. जास्त चोळायला नको म्हणून त्यानं तशीच सोडली. क्रेट जागेवर ठेवलं, बाभळीला कॅमेरा बांधला आणि सगळ्यांना घरी पिटाळलं. त्या रात्री आमच्या घरात झोप लागली असेल तर फक्त म्हशीला.

सकाळी क्रेट आडवं, रिकामं. जीव भांड्यात पडेना, कारण दुसऱ्याच कुणी ओढून नेलं असेल तर? वनरक्षकानं मोबाईलवर चित्रण लावलं. मादी आली, वास घेतला आणि मागे सरली. सासूबाईंनी माझा दंड असा धरला की वळ उठले. मादी उसात दिसेनाशी झाली. मग परत आली. क्रेट पंजानं पाडलं, पिल्लाला पुढ्यात घेतलं आणि त्याचं कपाळ चाटत बसली. चाटतच राहिली. शेवटी मानेला धरून घेऊन गेली.

सासूबाईंनी पदरानं डोळे टिपले.

"तीट पुसी टाकी तिनी," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, काळजीनं, "आते नजर नको लागाले त्याले."