मामाचे आंबट मडके

माझ्या मामाइतका हट्टी माणूस वैनगंगेच्या ह्या बाजूला दुसरा झाला नाही, आणि त्याचा सगळा हट्ट एका मडक्यात मावत असे. तरुणपणी तो गोंदियाहून गाडीत बसून कलकत्त्याला पळाला आणि आगबोटीच्या भटारखान्यात लागला. केस पिकल्यावर गोरेगावला परतला तेव्हा त्याच्या पेटीत सोने असेल म्हणून गाव जमला. पेटीतून निघाला एक लाकडी डाव. आमच्या परसाच्या कुंपणापलीकडे त्याने झोपडी घातली आणि आतली मडकी बोटीवरच्यासारखी खांबाला दोरीने बांधून ठेवली. मी विचारले, "मामा, हे काऊन?" तर म्हणे, "जमिनीचा काय भरोसा?"

बाजाराच्या दिवशी तो जंगलाकडच्या गोंडांच्या टोलीवरून, म्हणजे वस्तीवरून, डुकराचे मटण आणी. पळसाच्या पानात बांधलेले ते गाठोडे सायकलला लटकवून तो नेमका जातीच्या पंचांच्या ओट्यासमोरून घंटी वाजवत जाई. मग चिंचेच्या कोळात मटण शिजे, त्यात कोचईचे, म्हणजे अळवाचे, कांदे विरघळत, आणि शेवटी बोडीतली, गावतळ्यातली, नाळीची पालेभाजी मूठमूठ पडे. ह्या कालवणाला तो 'सिनिगांग' म्हणे. बोटीवर तो तापाने फणफणला असताना आपले लोक जात विचारत बसले. मनिलाच्या एका आचाऱ्याने मात्र त्याचे डोके मांडीवर घेऊन हेच कालवण भरवले होते. त्याच आचाऱ्याचा नियम मामा पाळी: रांधणाऱ्याने आधी खायचे नाही, पहिला घास दुसऱ्याचा. कोणी आले नाही तर तो मडक्याशेजारी उपाशी झोपे.

सुधारकी पत्रके वाचणाऱ्या आणि काढणाऱ्या माझ्यासारख्याला असे मडके म्हणजे पर्वणीच. मी दोन घास घेतले की सहभोजनावर बोलू लागे. मामा डाव आपटून म्हणे, "भाचेबुवा, जेऊन राहिले का सभा घेऊन राहिले? मटण थंड होऊन राहिलं ना!"

त्याचे डोळे मात्र कुंपणाकडे असत. कुंपणाच्या अलीकडे माझी आई, त्याची थोरली बहीण, त्याची 'बाई'. तिच्या गळ्यात तुळशीची कंठी होती, मटण-मासळी वर्ज्य. बोडीवरची भाजी खुडून ती रोज कुंपणावरून त्याच्या हाती देई. त्याच्या हातचे पाणीही घेत नसे. ह्यावर मी घरात एवढे भांडलो, पण मामाने एकदाही तिला बोल लावला नाही. "बाईनं एकदा चाखलं असतं..." एवढेच एकदा माझ्याजवळ म्हणाला, आणि चूल फुंकू लागला.

मग लढाईची ती बातमी आली. वर्तमानपत्र मीच मोठ्याने वाचले: मनिला शहर जळून बेचिराख झाले होते. मामाने दोनदा वाचून घेतले. त्या दिवसापासून त्याने चूल पेटवली नाही. अन्न सोडले, खाट धरली.

एका सकाळी आईने मलाच टोलीवर पिटाळले. मी मटण आणले. नाकाला पदर लावून ती मामाच्या चुलीशी बसली आणि कुंपणातून इतकी वर्षे पाहिलेले सारे तिने न विचारता रांधले.

"उठ भाऊ, खा."

"पहिला घास दुसऱ्याचा, बाई."

मी पुढे सरसावलो. मामा खाटेवरून म्हणाला, "तू बस. तू त कोणाचंबी खाशील."

"माझ्या गळ्यात कंठी हाय," आई म्हणाली.

"हाय ना. म्हणून त मी कधी मांगलं नाई."

चुलीतले लाकूड तडकले. आईने डावाने नाळीचे एक पान वर काढले, फुंकले आणि तोंडात घातले. बराच वेळ चावले.

"आंबट कमी झालं," ती म्हणाली.

"चिंच जुनी हाय," मामा म्हणाला, आणि उठून बसला. तो जेवला. आई विहिरीवर अंघोळीला जाईल असे मला वाटले होते. ती तिथेच मडके घासत बसली.

मोहाची फुले गळायच्या आत मामा गेला. माझी पत्रके अजून निघतात, पण सहभोजनावर लिहिताना लेखणी अडखळते. काल आई बोडीवरून आली. कुंपणाशी थांबून सवयीने तिने भाजीची मूठ पलीकडे धरली, आणि बराच वेळ धरून ठेवली.