बॅग पुढे गेली

घरातून निघायचं म्हटलं की मला धडकीच भरते. कुलूप दोनदा ओढून पाहायचं, गॅस पुन्हा बंद करून यायचा, आणि बुलढाण्याच्या स्टँडवर पोचेपर्यंत तोंडाला कोरड. लेकीने नाशिकला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला निघालेली मी, गाडी सुटायच्या आत खाली उतरले होते. फोनवर लेक एवढंच म्हणाली, "बरं आई, असू दे." ते "असू दे" मला फार लागलं. त्यापेक्षा ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आता तिला सातवा महिना होता. डॉक्टरांनी प्रवास करायचा नाही म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे बाळंतपणाला ती इकडे येणार नव्हती, मलाच जायचं होतं. आमच्या ह्यांना मळ्यातला वांग्याचा तोडा सोडून निघता येत नव्हतं. म्हणजे एकटीने जायचं. राजूर घाट उतरून मलकापूर, आणि तिथून रेल्वे.

शेजारच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुह्यानं निंगणं होत नाही त बॅगले निंगू दे. आज दिवस चांगला आहे. माह्या घरी प्रस्थान ठेव."

प्रस्थान ठेवणं आमच्याकडे जुनंच. चांगल्या दिवशी सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. मग ते सामान घरी परत आणायचं नाही. ते पुढेच जातं. मी बॅग भरली, काकूंच्या खाटेखाली सरकवली आणि मला उगाच हलकं वाटलं. शेजारच्या घरापर्यंत तर काय, कोणीही जाईल!

दोन दिवसांनी लक्षात आलं, चष्माही बॅगेतच गेलाय. आणायला गेले, तर खाटेखाली काही नाही.

"काकू, बॅग कुठी हाय?"

"गेली पुढं. राजूरले, माह्या बहिणीकडं. दूधवाल्याच्या गाडीत देल्ली."

"अवं काकू, त्यात माहा चष्मा हाय!"

"मंग जाय ना, घेऊन ये. म्या काय नाही म्हणून राह्यली का?"

मी इतकी चिडले की घाबरायचं राहूनच गेलं. आहे त्या साडीवर मलकापूर गाडीत बसले. पहिलं वळण आलं तेव्हा मात्र समोरचा दांडा घट्ट धरला आणि डोळे मिटले. बाजूच्या सीटवरच्या बाईने न विचारता लिंबाची फोड हातात दिली. ती चोखत मी हळूच एक डोळा उघडला. खाली दूरपर्यंत शेतं पसरली होती, कपाशीची पांढरी, तुरीची पिवळी. इतकी वर्षं ह्या घाटाच्या डोक्यावर राहून मी तो कधी उघड्या डोळ्यांनी उतरले नव्हते, ह्याचा मला रागच आला.

काकूंच्या बहिणीने चहा पाजला, चष्मा काढून दिला आणि ओच्यात बोरं घातली. बॅग मात्र परत नेऊ दिली नाही. रात्री जेवताना मी घाटाचं वर्णन करत सुटले. हे गंभीर चेहरा करून ऐकत होते, जसं काही मी काशीला जाऊन आले होते.

मग मला चटकच लागली. बॅगेत डिंकाचे लाडू ठेवायचे म्हणून एकदा गेले. बाळाची दुपटी ठेवायची म्हणून पुन्हा. एकदा तर राजूरला न उतरता पुढे मोताळ्याला गेले, बाजारात हिंडले, उभ्याने उसाचा रस प्याले आणि कोणालाच सांगितलं नाही. धडकी भरायची थांबली नव्हती. पण आता ती घाटाच्या पहिल्या वळणापर्यंतच टिकायची.

पुढच्या आठवड्यात हे म्हणाले, "वांगे घेऊन मलकापूरले गेलतो. जाताजाता राजूरहून तुही बॅग घेतली अन् ताईकडं टाकली." ताई म्हणजे माझी नणंद, तिचं घर स्टेशनजवळ आहे. काकूंनी आणि ह्यांनी मिळून माझी बॅग पळवली होती.

निघायच्या दिवशी माझ्या हातात फक्त पर्स होती. काकूंनी तळहातावर दही-साखर दिली. मी पाया पडले तेव्हा त्यांचा हात माझ्या डोक्यावर जरा जास्त वेळ राहिला. मलकापूरला नणंदेने बॅग हातात दिली आणि रेल्वेत बसवून दिलं. गाडी हलली तशी उतरून पळावंसं वाटलं. मी बॅग मांडीवर घेऊन तिला घट्ट धरून बसले.

नाशिकला जावई स्टेशनवर आले होते. घरी लेकीने दार उघडलं आणि नुसती बघत राहिली. तिच्या एका हातात मोबाईल होता, दुसरा पोटावर. तोंड धुवायला गेले तर बाहेरच्या खोलीतून जावयांचं बोलणं ऐकू आलं. ते त्यांच्या आईला फोनवर सांगत होते, "नको आई, तू आता येऊ नको. त्या आल्यात."

मी ओल्या तोंडानेच बाहेर आले. लेकीने मान खाली घातली.

"मला वाटलं, मलकापूरहून परत जाशील," ती म्हणाली आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागली.

तिच्या पाठीवरून हात फिरवत मी म्हटलं, "परत कशी जाणार बाई? बॅग पुढं निंगाली होती ना."