शाळेची बातमी

हातातल्या छत्रीचं टोक जिन्याच्या लोखंडी गजावर आपटायचं, घसा साफ करायचा आणि मान वर करून सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "मंडळी, शाळेची बातमी!"

लालबागच्या ज्या चाळींमधून आमच्या प्राथमिक शाळेत मुलं येत, त्या चाळींचे चौक आमच्या हेडमास्तरांनी वारांवर वाटून घेतले होते. शाळा भरण्याआधी ते एका चौकात जाऊन उभे राहत. काळी टोपी, कोट आणि बारा महिने छत्री. गजाचा आवाज ऐकला की गॅलऱ्यांत बायका येत. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या खांद्यावर पिळे.

"उद्या देवी टोचायला डॉक्टर येणार आहेत. पोरं माळ्यावर लपवू नका, मी माळे बघणार आहे. दुसरीतला बाळ्या सोमवारपासून दिसला नाही. कुठे आहे?"

"पोटात दुखतंय हो त्याच्या!" वरून आवाज येई.

"मघाशी गोट्या खेळत होता. गोट्यांना बरा, तो गणितालाही बरा. ताप असेल तर डॉक्टरकडे, नसेल तर शाळेत. तिसरी जागा नाही!"

हे "तिसरी जागा नाही" सगळ्या चाळींना पाठ होतं. नवरे घरी उशिरा आले की बायकाही तेच ऐकवत, असं म्हणतात.

मी त्या शाळेत नवीन लागले होते. मला पहिल्यापासून सगळं कागदावर लागतं. आजही बाजाराला जाताना यादी नसेल तर मी अर्ध्या वाटेतून परत येते. शिकवायला लागल्यावर पालकांसाठी सूचनांचे कागद काढायला मी सुरुवात केली. सुवाच्य अक्षर, क्रमांक घातलेले, खाली पालकांच्या सहीला जागा. काही सह्या यायच्या, काही अंगठे यायचे. बरेचसे कागद मात्र स्टोव्ह पेटवायला कामी येत.

हेडमास्तरांनी ते कधी हसून मोडीत काढलं नाही. एवढंच म्हणाले, "बाई, कागद घरी पोचतो. बातमी पोचली की नाही, ते तोंड बघितल्याशिवाय कळत नाही. तुम्ही कागद काढा. मी तोंडं बघतो."

तशी ती वाटणी झाली, आणि ठीक चालली.

त्यांची खरी लढाई एका मालवणी मावशींशी होती. या मावशी गिरणीतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी खाणावळ चालवत. तिसरीतली सुलू ही त्यांची मुलगी, आणि तीच त्यांचा उजवा हात. सकाळची पाळी जेवून जाईपर्यंत सुलू चुलीपुढे, मग शाळा कसली?

एक दिवस हेडमास्तर थेट दारात जाऊन उभे राहिले. ओळख व्हावी म्हणून मलाही बरोबर नेलं होतं.

"मास्तरांनू, चेडवाक शाळेत धाडलंय तर भाकऱ्यो कोण भाजतलो?" मावशींनी कमरेवर हात ठेवून विचारलं. "तुमी भाजशात?"

"भाजतो," हेडमास्तर म्हणाले. कोट काढून त्यांनी खुंटीला टांगला.

पंगतीला बसलेल्या कामगारांनी त्यांची नकाशासारखी वेडीवाकडी भाकरी हातात धरून खालीवर बघितली. एकजण म्हणाला, "मास्तर, ह्यो कंचा देश?" दुसरा म्हणाला, "दे रे इकडे, मुंबईसकट खातो!" मावशी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसताच त्यांनी हेडमास्तरांच्या हातातली परात ओढून घेतली आणि सुलूला म्हणाल्या, "जा गो, दप्तर घे. हे असले भाकरे खाऊन माजी गिऱ्हायकां पळतली."

तेव्हापासून सुलू रोज आली. महिनाभर न चुकता येणाऱ्या मुलाच्या छातीवर हेडमास्तर सोनेरी कागदाचा तारा लावत. त्या ताऱ्यावर सुलूचा जीव होता. हाताला पिठाचे पापुद्रे तसेच घेऊन ती पळत यायची, पण यायची.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. भिंती खडूच्या अक्षरांनी भरलेल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर सभा, आणि मुलांच्या तोंडी मोर्च्यातल्या घोषणा. हजेरी घेताना चौथीतल्या एकाने "हजर"च्या ऐवजी "झालाच पाहिजे!" अशी आरोळी ठोकली. सगळा वर्ग हेडमास्तरांकडे बघत राहिला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय झालाच पाहिजे? हजर! रोज हजर झालाच पाहिजे! बस खाली." पुढे आठवडाभर वर्गात तीच घोषणा चालली.

मग एका मोठ्या हरताळाच्या आदल्या दिवशी वरच्या कचेरीतून तोंडी निरोप आला. शाळा उघडी ठेवा. हजेरी नेहमीसारखी दिसली पाहिजे. गावोगाव दवंडी पिटावी, तसे हेडमास्तर चाळीचाळीतून फिरतात, हे कचेरीलाही ठाऊक होतं. त्यांच्या शब्दावर मुलं येतात, म्हणूनच तो निरोप होता.

हरताळाच्या सकाळी मी त्यांच्याबरोबर गेले. गिरण्यांचे भोंगे गप्प होते. नाक्यावर पोलिसांची गाडी उभी होती. त्यांनी छत्री गजावर आपटली, पण जरा हळू.

"मंडळी, शाळेची बातमी. शाळा उघडी आहे. मी तिथे आहे." ते थांबले. "पोरांना धाडू नका."

मावशींनी कठड्यावरून वाकून विचारलं, "आणि तिसरी जागा?"

"आज आहे," ते म्हणाले. "आईजवळ."

शाळा उघडी होती. आम्ही शिक्षक रिकाम्या बाकांसमोर बसलो. हेडमास्तरांनी तिसरीची हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव मोठ्याने म्हणायचे, थांबायचे, पुढे जायचे. त्यांना तेवढं करणं भाग वाटत असावं.

सुलूचं नाव घेतलं आणि दारातून आवाज आला, "हजर!"

ती मागच्या गल्लीतून, आईची नजर चुकवून आली होती. महिना पुरा व्हायला थोडेच दिवस राहिले होते. तारा जायला नको होता.

हेडमास्तर खुर्चीतून उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिला. तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही. बाहेर लांबून आरडाओरड ऐकू येत होती, आणि थोड्या वेळाने डोळे चुरचुरायला लागले. अश्रुधूर होता. त्यांनी खिडक्या लावून घेतल्या, रुमाल ओला करून सुलूच्या तोंडावर धरला आणि तिला टेबलाखाली बसवलं. स्वतः शेजारी जमिनीवर बसले.

"कशाला आलीस गं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, गुरुजी. तिसरी जागा नाही."

त्यांनी रुमालाची घडी उलटून पुन्हा तिच्या तोंडावर धरली.

रस्ता शांत झाल्यावर त्यांनी तिला स्वतः घरी नेऊन सोडलं. मावशींनी आधी सुलूच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला उराशी धरलं. हेडमास्तर खाली मान घालून उभे होते. मावशी त्यांना एवढंच म्हणाल्या, "चाय घेतल्याशिवाय जाव नकात."

दुसऱ्या दिवशी दंगा मिटला होता, पण चाळी मिटलेल्याच होत्या. दारं लोटलेली, खिडक्या बंद. आज कुणी मूल बाहेर काढेल, असं मला वाटलं नव्हतं.

छत्री वाजली. "शाळेची बातमी. मी रस्ता चालून बघून आलोय. आज धाडा."

वरच्या मजल्यावरची कडी निघाली. मावशी सुलूला हाताला धरून खाली उतरल्या आणि गॅलऱ्यांकडे बघून म्हणाल्या, "काल नको म्हणालेत, म्हणान आज धाडतंय." मग एकेक दार उघडत गेलं. त्या दिवशी हेडमास्तरांमागून मुलांची रांग शाळेपर्यंत चालत आली.

सोनेरी तारे त्यांनी त्या महिन्यापासून बंद केले. उरलेला कागद पहिलीच्या मुलांना पताका करायला दिला.

हरताळाच्या दिवशी एकच मूल हजर दिसल्याबद्दल कचेरीने त्यांच्याकडे खुलासा मागितला. तो त्यांनी काय दिला, मला माहीत नाही. वर्ष संपलं तशी त्यांची बदली झाली, लांब, मुंबईच्या टोकाला. छत्री घेऊन ते निघाले, आणि शाळेच्या पायरीवर मला म्हणाले, "बाई, कागद चालू ठेवा. पण तोंडंही बघा."

जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या सकाळी मी त्या चौकात गेले. कागद हातात होताच. छत्री मात्र नव्हती, म्हणून किल्ल्यांचा जुडगा गजावर वाजवला. तो आवाज अगदीच वेगळा आला. तरी बायका बाहेर आल्या.

"शाळेची बातमी," मी म्हटलं. "शाळा उद्यापासून सुरू होते आहे."

मावशींनी माझ्या मागे बघितलं. "मास्तर खंय?"

"त्यांची बदली झाली."

वाळत घातलेल्या एका लुगड्याचं पाणी चौकात ठिबकत होतं.

"मगे आता बातमी तुमी सांगतलात?"

"हो, मी."

मावशी कठड्यावर दोन्ही हात टेकून माझ्याकडे बघत राहिल्या. "आणि कधी नको म्हणाची येळ इली, तर म्हणशात?"

मी कागद घडी करून पिशवीत ठेवला. "म्हणेन."

त्यांनी माझं तोंड आणखी थोडा वेळ बघितलं. मग आत वळून हाक मारली, "सुलू, गो सुलू, दप्तर झाडून ठेव!"