अल्विनाबाईचा अंगठा

आमच्या नाणेमंडळात दोन नियम देवाच्या आज्ञेसारखे पाळतात. नाणं कडेनं धरायचं, छापावर बोट टेकवायचं नाही. आणि खोटं नाणं विकणाऱ्याचं नाव वहीतून कायमचं खोडायचं. एकसष्ट सालच्या ऑक्टोबरात अल्विना हूकस्ट्रानं पहिला नियम सगळ्यांदेखत मोडला, तेव्हा मी तिच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो.

शाळेच्या खाणावळीत गल्ल्यावर बसून तिनं तीस वर्षं पोरांची निकेलं, म्हणजे पाच सेंटची नाणी, न्याहाळली. दोनदा उमटलेली अक्षरं, सरकलेला ठसा, घासून गुळगुळीत झालेल्या नाण्यातही टांकसाळीची चूक तिला दिसायची. दे मॉइन शहरातले नाण्यांचे व्यापारीसुद्धा तिच्या शब्दावर नाणं घ्यायचे.

पण त्या उन्हाळ्यात मला कळून चुकलं होतं. ती कॉफी कपाबाहेर ओतत होती.

"कुणाला बोललास तर याद राख, रॉय," ती म्हणाली. मंडळात बाई नको म्हणणारे टपलेलेच होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी चर्चच्या तळघरात मंडळ जमलं तेव्हा डेल्बर्ट नागलनं रुमालातून एक निकेल काढलं. सदतीस सालचं, तीन पायांचा रेडा. ठसा घासून साफ करताना टांकसाळीत पुढचा पाय पुसला गेला, आणि तसलीच काही नाणी बाहेर पडली, म्हणून ती दुर्मिळ आणि महाग. डेल्बर्टला हे एका शेताच्या लिलावात, जुन्या खिळ्यांच्या डब्यात मिळालेलं. प्रुइट नावाचा व्यापारी पावतीपुस्तक उघडून बसला होता.

"बाईंनी हो म्हटलं की घेतो," प्रुइट म्हणाला.

अल्विनानं भिंग डोळ्याला लावलं. नाणं तिच्या बोटांत होतं, पण वरच्या बाजूला रेडा नव्हताच, दुसऱ्या बाजूचा माणसाचा चेहरा होता. मी टेबलाखालून तिच्या बुटाला बूट लावला. तिनं सावकाश नाणं उलटलं.

"आज फार वेळ लागतोय," अध्यक्ष वेंडेल म्हणाला. "रेडा चरायला गेला काय?"

दोघं-तिघं हसले. डेल्बर्ट हसला नाही. तिनं नुसतं हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी मान डोलावली असती. उद्या ते नाणं खोटं निघालं असतं, तर नाव डेल्बर्टचं खोडलं गेलं असतं. साधा भोळा माणूस तो, मंडळाशिवाय त्याला दुसरं जगच नव्हतं.

अल्विनानं भिंग खाली ठेवलं आणि अंगठा थेट रेड्यावर टेकवला. मग नखानं पाय असायला हवा तिथे चाचपलं.

"अहो बाई!" वेंडेल उठलाच. "नाणं नासवलंत."

"नासवायला राहिलंय काय त्यात?" ती म्हणाली. "इथे खड्डा आहे. पाय कुणीतरी कानशीनं खरवडलाय. डेल्बर्ट, रेड्याच्या पोटाखाली बघ. खऱ्या नाण्यात तिथे उंच बारीक ठिपके असतात, थेंब गळाल्यासारखे. दिसतात का?"

डेल्बर्टनं भिंग उचललं. "नाहीत," तो म्हणाला. "ओरखडे आहेत नुसते."

प्रुइटनं पावतीपुस्तक मिटलं.

"पण तुम्ही स्वतः का नाही बघितलं?" वेंडेलनं विचारलं. उत्तर त्याला कळलं होतं, तरी विचारलं.

"मला दिसत नाही. मे महिन्यापासून."

माझी कानशिलं तापली, कारण ती एकटीच खरं बोलली होती आणि मी नव्हतो. वेंडेल पुन्हा खुर्चीत बसला. "मग पुढच्या महिन्यापासून नाणी बघणार कोण? दुसरा माणूस नेमावा लागेल."

डेल्बर्टनं आपल्या रुमालानं तिचा अंगठा पुसला, मग भिंग स्वतःच्या शर्टाच्या खिशात घातलं.

"नेमलाय," तो म्हणाला. "डोळे माझे. कुठे बघायचं ते अल्विनाबाई सांगतील."